ब्यूरमानची गिटार आणि काकांच्या तारा

ज्या वर्षी सगळं जग हात धूत होतं, त्या वर्षी आमचे घरमालक गिटारच्या तारा निवडत होते. मी त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचे. लॅब बंद, लायब्ररी बंद, पुण्याची विमानं बंद, त्यामुळे ही निवड मला पहिल्या दिवसापासून अगदी जवळून पाहायला मिळाली.

दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर मी हॉलंडमधल्या वाखनिंगनला आले तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. होस्टेलमध्ये पोरांबरोबर फ्रीजच्या कप्प्यावरून भांडायचं वय राहिलं नव्हतं. कुणीतरी या मराठी जोडप्याचा नंबर दिला. काकांनी फोनवर पाऊण तास माझी मुलाखत घेतली. त्यातली चाळीस मिनिटं मी खोलीची खिडकी किती उघडी ठेवणार यावर गेली. किती म्हणजे सेंटिमीटरमध्ये. शेवटी मागून काकूंचा आवाज आला, "अहो, तुम्ही या सरळ. यांचं ठरेपर्यंत तुमचा प्रोजेक्ट संपेल."

काका मूळचे पुण्याचे. तीस वर्षं त्यांनी इथल्या एका प्रयोगशाळेत बियाणं तपासण्याचं काम केलं होतं. ओल्या कागदावर बी ठेवायचं आणि रुजलं की नाही हे सांगायचं. चौथ्या दिवशी लांबलचक मोड आला तरी काका चौदाव्या दिवसापर्यंत तोंड उघडायचे नाहीत. नोकरीत हा गुण समजला गेला. निवृत्तीनंतर तोच गुण घरी आला आणि काकूंच्या वाट्याला आला. दिवाणखान्याला सहा वर्षं पडदे नव्हते, कारण कापडाचे नऊ नमुने खिडकीच्या दांडीला टाचून ठेवलेले होते आणि उन्हाने कुठला किती विटतो याची पाहणी चालू होती. डच लोक पडदे उघडेच ठेवतात म्हणून गल्लीत कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच.

कुठल्याही गोष्टीवर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "मी विरोध करत नाही, मी फक्त विचारतो." दुसरं वाक्य, "घाई ही अवैज्ञानिक आहे." पंतप्रधानांनी टीव्हीवर दीड मीटर अंतर ठेवायला सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "मी विरोध करत नाही, मी फक्त विचारतो. नाकापासून नाकापर्यंत, की बुटापासून बुटापर्यंत?" दुसऱ्या दिवशी ते बागेतली बांबूची काठी दीड मीटरवर कापून सुपरमार्केटमध्ये घेऊन गेले. परत आले ते काठी घेऊन, पण टोमॅटो न घेता. टोमॅटोसमोर एक बाई फार वेळ उभी होती म्हणे.

तर गिटार. गिटार मुळात काकांची नव्हती, शेजाऱ्याची होती. डचमध्ये शेजाऱ्याला ब्यूरमान म्हणतात. काका आणि तो म्हातारा वीस वर्षं एकमेकांना ब्यूरमान म्हणूनच हाक मारत आले होते. म्हाताऱ्याचं आयुष्य सायकली दुरुस्त करण्यात गेलेलं. बायको लवकर वारली, मुलगा दूर ब्रेडा शहरात. दर रविवारी दुपारी तो मागच्या अंगणात खुर्ची टाकून जॅझ वाजवायचा, आणि कुंपणाच्या अलीकडे काका हातात कात्री घेऊन एकच झुडूप तासभर कापायचे. पुढे म्हाताऱ्याची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली, मग चालणं गेलं, आणि जग बंद व्हायच्या दोन आठवडे आधी तो गावाच्या पलीकडच्या टोकाला केअर होममध्ये राहायला गेला. जाताना त्याने गिटारची पेटी कुंपणावरून काकांच्या हातात दिली.

"तारा मेल्यात तिच्या," तो म्हणाला. "नव्या लाव, आणि येऊन मला वाजवून दाखव. इतकी वर्षं नुसतं ऐकलंस. आता मी ऐकतो."

मी तिथेच सायकल लावत होते. काकांनी पेटी छातीशी धरली होती. त्यांचा चेहरा आनंदाचा होता की भीतीचा, हे तेव्हा मला कळलं नाही.

ती गिटार आपल्याकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दिसते तशी सपाट नव्हती. व्हायोलिनसारखं फुगीर पोट, दोन बाजूंना वळणदार छिद्रं, आणि मधाच्या रंगाचं लाकूड. तारा मात्र खरोखर मेलेल्या होत्या, काळ्या पडलेल्या. शहाण्या माणसाने दुकानात फोन केला असता, एक सेट मागवला असता, संध्याकाळपर्यंत चढवला असता. काकांनी एक वही आणली.

प्रश्न दोन आहेत असं त्यांनी जेवताना आम्हाला सांगितलं. तार कुठल्या जातीची आणि किती जाडीची. जातीत मुख्य भेद दोन. गोल तारेचं वेटोळं दिलेली, ती उजळ वाजते आणि बोट सरकलं की कुरकुरते. आणि चपट्या पट्टीचं वेटोळं दिलेली, ती गुळगुळीत, मऊ, जुन्या जॅझला शोभणारी. त्यातही निकेल की स्टील की ब्राँझ. ब्राँझचा आवाज गोड, पण या गिटारला आवाज पकडणारा लोहचुंबकाचा पिकअप आहे आणि चुंबकाला ब्राँझ नीट ऐकू येत नाही.

"आणि जाडी?" मी विचारलं. ही माझी चूक झाली.

"जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. सगळ्यात बारीक तार अकरा असेल तर तो अकराचा सेट. मग बारा, तेरा, चौदा. जितकी जाड तितका भरदार आवाज, पण तितका लाकडावर ताण, मानेवर ताण..."

"आणि घरातल्यांवर ताण," काकू म्हणाल्या. "आमटी वाढू का?"

ब्यूरमान रविवारी फोन करायचा. पहिल्याच रविवारी काकांनी त्याला विचारलं, "तू कुठल्या तारा वापरायचास?"

"दुकानात असतील त्या," तो म्हणाला.

काकांनी वहीत ब्यूरमानच्या नावाचा रकाना आखला होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'माहिती उपलब्ध नाही.'

मग ते इंटरनेटवरच्या एका फोरमवर गेले. तिथे जगभरातले काकांसारखे गृहस्थ जमलेले होते, आणि त्या वसंतात त्यांना दुसरं काही कामच नव्हतं. एक फिनलंडचा माणूस लिहायचा की तेरापेक्षा बारीक तार लावणाऱ्याने गिटार विकून बासरी घ्यावी. एक अमेरिकन डॉक्टर त्याला उलट लिहायचा की जाड तारांनी बोटांचे सांधे जातात. मग फिनलंडवाला लिहायचा की सांधे गेले तरी चालतील, सूर जाता कामा नये. तिसरी तार वेटोळ्याची असावी की साधी, यावर तिथे दोन तट पडले होते आणि एका तटाने दुसऱ्या तटाशी बोलणं सोडलं होतं. बाहेर लोक टॉयलेट पेपरच्या शेवटच्या गठ्ठ्यासाठी धावत होते. काका नाश्त्याला म्हणायचे, "फिनलंडवर विश्वास ठेवावासा वाटतो, पण त्याने आकडे दिलेले नाहीत."

तारांची पाकिटं यायला लागली. कुरियरवाला दारात पाकीट ठेवून मागे पळायचा आणि काका पाकीट तीन दिवस गॅरेजमध्ये विलगीकरणात ठेवायचे. चौथ्या दिवशी व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक तार मोजून बघायचे. एका कंपनीची बाराची तार पावणेबारा भरली म्हणून त्यांनी त्या कंपनीला सौम्य शब्दांत पत्र लिहिलं.

एप्रिलमध्ये त्यांनी जुन्या तारा काढल्या. सगळ्या एकदम काढल्या. या जातीच्या गिटारची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, पोटाला चिकटवलेली नसते, ती नुसती तारांच्या दाबाखाली उभी असते. तारा गेल्या तशी घोडी घसरली, टेबलावर पडली आणि तिथून कपाटाखाली गेली. फोरमच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की तारा एकेक करून बदलाव्यात. काकांनी ते पान वाचलं नव्हतं, कारण ते नवशिक्यांसाठी होतं.

घोडी नेमकी कुठे उभी होती हे शोधण्यात तीन आठवडे गेले. पोटावरचे पुसट व्रण भिंगातून बघून त्यांनी तीन शक्यता काढल्या आणि तीन खडूच्या रेषा मारल्या.

मेमध्ये चाचण्या सुरू झाल्या. काकू आणि मी सोफ्याच्या दोन टोकांना डोळ्यांवर टॉवेल बांधून बसायचो. काका एक तार छेडायचे आणि आम्ही 'उबदार', 'मध्यम' किंवा 'कोरडी' असं म्हणायचं. एकमेकींचं ऐकून मत बनू नये म्हणून आम्ही मत कागदावर लिहायचं, तेही डोळे बांधलेले असताना. काकूंनी एकदा सलग सहा तारांना 'भूक लागली' असं लिहिलं. काकांनी तो कागद बाद ठरवला, पण फाइलमध्ये ठेवला.

लायडनहून त्यांची मुलगी व्हिडिओवर यायची. काका तिला मराठीत तक्ता समजावून सांगायचे, ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बाबा, जस्ट पिक वन." काका फोन ठेवून म्हणायचे, "या पिढीला पद्धत नाही."

पूर्ण सेट चढवून उतरवण्यात वेळ जातो म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. सहा जागी सहा वेगवेगळ्या तारा लावायच्या आणि दर दोन दिवसांनी चिठ्ठ्या टाकून त्या बदलायच्या. शेतात वाणांचे प्लॉट पाडतात तसं. गिटारवर एक तार चपटी स्टीलची, शेजारची गोल निकेलची, तिच्या शेजारची तिसऱ्याच कुणाची. दिसायला एकसारख्या, वाजायला प्रत्येकीचं आपलं आपलं.

एका दुपारी टॉवेलखाली बसलेली असताना मला एक गोष्ट जाणवली. तीन महिन्यांत काकांना मी एका वेळी एकच तार छेडताना ऐकलं होतं. दोन सूर एकापाठोपाठ येऊन त्यांचं काहीतरी झालं, असं एकदाही घडलं नव्हतं.

भांडी पुसताना मी काकूंना विचारलं, "काका कधी वाजवत कसे नाहीत?"

काकूंनी नळ बंद केला, दिवाणखान्याकडे बघितलं आणि पुन्हा नळ चालू केला.

"येतच नाही त्यांना," त्या म्हणाल्या. "कॉलेजच्या गॅदरिंगला खरा गिटारवाला काविळीने पडला. स्टेजवर जागा रिकामी दिसू नये म्हणून यांना गिटार देऊन उभं केलं. वायर जोडलेलीच नव्हती. त्याचा फोटो आहे. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा ब्यूरमान वाजवत होता, हे कुंपणाशी गेले आणि म्हणाले, मीपण पुण्यात बँडमध्ये वाजवायचो."

"मग?"

"मग काय, वीस वर्षं तो बिचारा म्हणतोय, ये, बरोबर वाजवू. कधी यांचं मनगट दुखतं, कधी नखं वाढलेली नसतात, कधी रिपोर्ट द्यायचा असतो. आता नेमका गिटारच देऊन बसला तो." त्यांनी एक वाटी दोनदा विसळली. "तारा ठरल्या की वाजवावं लागेल ना."

त्यानंतर त्या वहीकडे मला पूर्वीसारखं हसून बघता येईना. पण काका थांबायला तयार नव्हते. रविवारचे फोन मात्र छोटे होत गेले. "ठरलं का?" ब्यूरमान विचारायचा. "अंतिम टप्प्यात आहे," काका सांगायचे. एका रविवारी फोन आलाच नाही. काकांनी वहीत काहीतरी आकडेमोड केली आणि ते बागेत गेले.

मंगळवारी केअर होममधून नर्सचा फोन आला. तो काकूंनी घेतला. ब्यूरमान नीट जेवत नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतो. आत यायला एकाच माणसाला परवानगी आहे आणि ती मुलाच्या नावावर आहे, पण खोली तळमजल्यावर आहे. बागेतून खिडकीशी येता येईल का?

काकूंनी फोन ठेवला. "उठा," त्या काकांना म्हणाल्या. "गिटार घ्या."

"अजून दोन फेऱ्या बाकी आहेत. आत्ता तिच्यावर चार कंपन्यांच्या तारा आहेत. मी विरोध करत नाही, मी फक्त..."

"विचारू नका," काकू म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. काका उठले.

आम्ही तिघं सायकलींवरून निघालो, गिटारची पेटी काकांच्या पाठीला. केअर होमच्या बागेत प्रत्येक खिडकीसमोर दोन-दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि तिथे लोक आपापल्या म्हाताऱ्यांशी काचेतून फोनवर बोलत बसले होते. ब्यूरमान चाकांच्या खुर्चीत होता, अर्धा झालेला. नर्सने त्याच्या कानाला फोन लावला. त्याने काकांना पाहिलं, मग पेटी पाहिली, आणि त्याची पाठ जरा सरळ झाली.

काकांनी गिटार बाहेर काढली, खुर्चीवर बसले, मांडीवर घेतली. डावा हात गिटारच्या मानेवर ठेवला, उजवा तारांवर. आणि तसेच बसून राहिले. मला तो फोटो न बघताच दिसला.

मग त्यांनी गिटारवरचा हात काढून काकूंच्या हातातला, स्पीकरवर टाकलेला फोन घेतला. "ब्यूरमान, मला वाजवता येत नाही."

"काय?"

"मला वाजवता येत नाही."

"ऐकू येत नाहीये!"

"मला वाजवता येत नाही!" काका डचमध्ये ओरडले. "कधीच येत नव्हतं! पुण्यातपण नाही!"

तीन खिडक्या पलीकडे आईशी बोलणारी एक बाई बोलायची थांबली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी किलकिली केली. वीस वर्षं कुंपणापाशी जपलेली गोष्ट आता अर्ध्या केअर होमला कळली होती.

ब्यूरमान काचेतून त्यांच्याकडे बघत राहिला. काकू जमिनीकडे बघत होत्या.

"मग तारा निवडायला चार महिने कशाला लागले?" त्याने विचारलं.

काकांनी एका तारेवरून बोट फिरवलं. "तेवढंच मला येत होतं," ते म्हणाले.

म्हातारा हसला नाही, चिडलाही नाही. त्याने वाकडा हात वर करून काचेवर टेकवला आणि बोटं एकेक करून वेगळी करायचा प्रयत्न केला. "पहिलं बोट इथे," तो म्हणाला. काकांनी समोर बघून बोट ठेवलं ते उलट्या बाजूला पडलं. समोरासमोर बसल्यामुळे सगळं आरशासारखं होत होतं. दोनदा तसं झालं तेव्हा ब्यूरमानने नर्सला काहीतरी सांगितलं. तिने खुर्ची वळवली. आता त्याची पाठ आमच्याकडे होती, आणि खांद्यावरून मागे दिसेल असा त्याने डावा हात उचलून धरला होता. त्याचा डावा तो काकांचाही डावा. नर्सने फोन त्याच्या कानाशी धरला होता, इकडचा फोन काकूंनी गिटारपाशी.

चार कंपन्यांच्या चार तारा एकदम वाजल्या. आवाज उबदार होता की कोरडा, हे मला सांगता येणार नाही. काचेच्या दुहेरी तावदानातून आणि त्या फोनमधून ब्यूरमानला जे काही पोचलं असेल त्यात निकेल आणि स्टील ओळखू येणं शक्यच नव्हतं. "पुन्हा," तो म्हणाला.

त्यानंतर काका दर मंगळवारी आणि शुक्रवारी जायला लागले. ब्यूरमान रविवारी अंगणात जी एक संथ धून वाजवायचा, तीच शिकवणं चालू झालं. आठवड्याला एखादी ओळ. घरी काका दिवाणखान्यात बसून तीच ओळ इतक्या वेळा वाजवायचे की काकूंनी एकदा टॉवेल घेऊन या वेळी कान बांधले. पण त्यांनी थांबा म्हटलं नाही. काकांच्या बोटांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. ते घट्टे ते मला मुद्दाम दाखवायचे, मोजमाप न सांगता. फोरमवर ते जाईनासे झाले. फिनलंडच्या गृहस्थाने तब्येतीची चौकशी करणारा निरोप पाठवला होता. काकांनी उत्तर दिलं की बरा आहे, वेळ नाही.

शरद संपला तशी थंडी वाढली. काका बोटं कापलेले हातमोजे घालून बागेत बसायचे. पुन्हा रुग्ण वाढले आणि बागही बंद होणार अशी नोटीस दारावर लागली. "पटकन शिकव ना पुढचं," काका फोनवर म्हणाले. घाईविषयीची त्यांची मतं बदलल्याचं ते पहिलं चिन्ह.

ब्यूरमान म्हणाला, "आधी हे नीट कर."

डिसेंबरमध्ये तो गेला. कोरोनाने नाही, झोपेत, हृदय थांबून. ब्रेडाहून मुलाचा फोन आला. अंत्यविधीला मोजकीच माणसं बोलवायची होती, त्यात आम्हा तिघांची नावं वडिलांनी लिहून ठेवली होती. आणि काका वाजवतील का?

सभागृहात खुर्च्या दूर दूर मांडल्या होत्या. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी सुरुवातीला कागदावरून नियम वाचून दाखवले. मास्क काढायचा नाही, खुर्ची हलवायची नाही, गाण्याने विषाणू पसरतो म्हणून गायचं नाही. मग मुलगा दोन वाक्यं बोलला आणि बसला. काका पुढे गेले.

त्यांनी ती धून सुरू केली. चुका होत्या, पण कुठे थांबायचं, कुठे पुढे जायचं हे बोटांना माहीत होतं. मी वीस वर्षं कुंपणाशी उभी नव्हते, तरी मला तो रविवार दिसला. धून वर चढली, वळली, आता उतरणार असं वाटलं आणि काका थांबले.

लोकांना वाटलं, त्यांना रडू आलं. मलाही तसंच वाटलं. पण काकांनी मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, "पुढचं त्याने अजून शिकवलं नाहीये."

काकूंचा हात पर्समध्ये काहीतरी शोधत होता आणि सापडत नव्हतं. मग समोरच्या रांगेतून, मास्कच्या आतून, मुलाने उरलेली धून गुणगुणायला सुरुवात केली. लहानपणापासून ऐकलेली, थोडी बेसूर. मागून एका म्हाताऱ्या बाईने सूर मिळवला, मग आणखी एकाने.

व्यवस्थापक बाई कागद हातात घेऊन उठल्या. आता त्या थांबवणार म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या चालत मागच्या दाराशी गेल्या, दाराच्या दोन्ही झडपा सताड उघडून त्या मिटू नयेत म्हणून खाली पाचर लावली आणि गार वारा आत येऊ लागल्यावर तिथेच उभ्या राहिल्या, धून संपेपर्यंत.